तोलेगेन पियानो लावतो

मार्देन : हात थांबव आधी. तुझं टिंगटिंग ऐकायला आलेलो नाही मी.

तोलेगेन : एवढी एक तार राहिलीय, आगा. अर्धी सोडली तर पुन्हा उतरते.

मार्देन : उतरू दे! सख्खा मोठा भाऊ पाळी बुडवून दारात उभा आहे आणि हा तारा पिळत बसलाय. ऐक. सोमवारी सकाळच्या पाळीला तुझं नाव घातलंय. मॅनेजरच्या किती विनवण्या कराव्या लागल्या, माझं मला माहीत.

तोलेगेन : कुणाला विचारून घातलंत?

मार्देन : विचारून? इतकी वर्षं माझ्या टोळीत होतास. खाणीत उतरताना कधी विचारलं होतं तुला?

तोलेगेन : नाही. कधीच नाही.

इर्मा कार्लोव्ना : टोपी.

मार्देन : काय?

इर्मा कार्लोव्ना : टोपी काढा. आणि बुटांचा बर्फ झाडून या. हा संगीतशाळेचा हॉल आहे, खाणीचं तोंड नव्हे.

मार्देन : आजी, आमचं घरचं बोलणं चाललंय. तुम्ही जरा बाहेर बसता का?

इर्मा कार्लोव्ना : मी तुमची आजी नाही. माझं नाव इर्मा कार्लोव्ना. घरचं बोलणं घरी करायचं असतं.

मार्देन : घरी सापडला तर ना! घरी जावं तर तुझी बायको म्हणते, शाळेत गेलेत. शाळेत यावं तर शिपाई म्हणतो, बालवाडीतला पियानो बघायला गेलेत. सगळ्या गावात माझा भाऊ मी असा शोधत फिरतोय. शनिवारी काय आहे, आठवतंय तरी का तुला?

तोलेगेन : माझ्या पोरीला कर्णफुलं घालून सोयरीक पक्की करायला मुलाकडचे येणार. ते मी विसरेन?

मार्देन : त्यांना मी सांगून बसलोय, जान्सायाचा बाप माझ्याच टोळीत आहे, सध्या रजेवर आहे म्हणून.

तोलेगेन : खोटं कशाला सांगितलंत?

मार्देन : मग खरं काय सांगायचं होतं? खाली भडका उडाला, आमच्यातले चौघं जळून गेले, आणि हा वाचला तो आता एका जर्मन म्हातारीची पिशवी धरून फिरतो, हे?

इर्मा कार्लोव्ना : पिशवी माझी मीच धरते.

तोलेगेन : त्या भडक्यानंतर खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात पाय टाकवत नव्हता मला. तुम्हाला ठाऊक आहे ते. सगळ्या टोळीसमोर कॉलर धरून आत ढकललंत मला.

मार्देन : ढकललं! पुन्हा ढकलीन. भीती अशीच जाते. आपल्या बापानं मलाही असंच ढकललं होतं.

तोलेगेन : मग गेली?

मार्देन : काय?

तोलेगेन : भीती. गेली का तुमची?

मार्देन : जीभ फार लांब झालीय तुझी. ही या बाईंनी शिकवली वाटतं.

इर्मा कार्लोव्ना : मी फक्त पियानो लावायला शिकवते. तेही अजून त्याला आलेलं नाही.

मार्देन : असं आहे काय यात? सांग ना मला. मी कोळसा काढतो, तर या थंडीत लोकांची घरं ऊब धरतात. तू तार पिळलीस तर काय होतं रे?

तोलेगेन : खाली छत बोलायचं, आठवतं? टेकू कुरकुरला की सगळ्यांच्या आधी मला ऐकू यायचं. तुम्ही विचारायचात, तोलेगेन, काय म्हणतंय छत? मी म्हणायचो, पळा. आणि सगळे पळायचे.

मार्देन : त्या दिवशी नाही म्हणालास.

तोलेगेन : गॅसला आवाज नसतो, आगा. मग त्या चौघांची शोकसभा झाली. ह्याच हॉलमध्ये. ह्या बाई वाजवत होत्या. सगळे रडत होते, आणि मला एकच कळत होतं, की पियानोतली मधली एक पट्टी कण्हतेय. दुसरं काही कळतच नव्हतं.

इर्मा कार्लोव्ना : आणि ते सभा संपायच्या आत येऊन मला सांगितलंस. उद्धटपणा नुसता.

तोलेगेन : इतकी वर्षं कान लावले ते पळायचं कधी, एवढंच कळावं म्हणून. इथं तार ऐकतो. चुकलेली असते. जरा फिरवतो, पुन्हा ऐकतो. माझं चुकतं, पुन्हा फिरवतो. कुणी मरत नाही. संध्याकाळी घरी जाताना वाटतं, आज काहीतरी जागेवर बसलं. खाली असताना कधी असं वाटलं नव्हतं मला. खाली फक्त वाटायचं, आज सुटलो.

मार्देन : वा! आणि करतो का हो हा बरं काम? तुम्हाला विचारतोय, इर्मा कार्लोव्ना. खरं सांगा.

इर्मा कार्लोव्ना : नाही.

मार्देन : ऐकलंस?

इर्मा कार्लोव्ना : हात जड आहे. परवा दोन तारा तोडल्या, आणि तसल्या तारा आता मिळत नाहीत. वरच्या सुरांना घाई करतो. अजून कितीतरी वर्षं घासेल तेव्हा कुठं चालण्याजोगा होईल.

मार्देन : ऐकलंस ना कानांनी?

तोलेगेन : रोज ऐकतो.

मार्देन : लाज नाही वाटत?

तोलेगेन : वाटते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

इर्मा कार्लोव्ना : ते मात्र खरं. येतो. आणि बर्फ वितळला की मी मुलीकडे जर्मनीला चालले. मग गावातले सगळे पियानो याच्या गळ्यात. वाईट असला तरी हाच.

मार्देन : गावाचं नशीब! आता नीट ऐक, तोलेगेन. सोमवारी येत असशील तर शनिवारी मी घरातला वडीलधारा म्हणून पाहुण्यांबरोबर जेवणाच्या दस्तरखानावर बसेन. नसशील तर माझी जागा रिकामी. मुलाकडचे विचारतील, मुलीचा थोरला काका कुठे आहे? दे मग उत्तर.

तोलेगेन : सांगेन, रुसलाय.

मार्देन : सोयरीक मोडेल.

तोलेगेन : पोरीच्या सुखावर पाय देऊन मला पिंजऱ्यात घालणार तुम्ही?

मार्देन : घालणार.

तोलेगेन : लहान असताना तिला खांद्यावर घेऊन बाजारात कोण फिरायचं, आगा?

मार्देन : ते मध्ये आणू नकोस.

इर्मा कार्लोव्ना : भांडण झालं असेल तर एक काम करा. हा पियानो हीटरला चिकटून आहे, उष्णतेनं रोज उतरतो. खिडकीकडे सरकवायचाय. चाकं मोडलीत, उचलावा लागेल.

मार्देन : मी हमाल नाही.

इर्मा कार्लोव्ना : बोलण्यावरून वाटलं, अंगात जोर असेल.

मार्देन : हो बाजूला! तू तिकडून धर. वाकू नकोस, गुडघ्यात बस. किती वेळा शिकवलंय? माझ्या हाकेवर. हं… उचल! चल, चल, डावीकडे, अजून… टेकव. हळू!

(पियानो खिडकीपाशी टेकतो. मार्देन दोन्ही हात त्याच्यावर रोवून उभा राहतो. खोकल्याची उबळ बराच वेळ थांबत नाही.)

तोलेगेन : बसा. पाणी घ्या.

मार्देन : काही झालं नाही. धूळ आहे इथं.

तोलेगेन : धुळीचा खोकला नाही हा. श्वास घेताना शिट्टी वाजतेय. उजवीकडे. कधीपासून?

मार्देन : माझी छाती म्हणजे तुझा पियानो नाही.

तोलेगेन : डॉक्टरला दाखवलंत?

मार्देन : दाखवलं की संपलं. खाली जायला बंदी. दिव्यांच्या खोलीत बसवतील, पोरांना दिवे वाटायला. नाहीतर घरी.

तोलेगेन : मग बसा घरी.

मार्देन : आणि करू काय? सांग की! शहाणा झालायस ना? खाली मी मार्देन आहे. हाक मारली की माणसं हलतात. वर आलो की बायको विचारते, चहा देऊ का? तेवढाच माझा मान. दुसरं काही येत नाही मला.

तोलेगेन : मलाही येत नव्हतं.

मार्देन : मला तुझ्या मापानं मोजू नकोस!

तोलेगेन : म्हणून मला परत न्यायचंय का?

मार्देन : खाली माझ्यापुढे तुझा दिवा दिसायचा मला. मान वर केली की दिसायचा. आता नवी पोरं असतात, नावंसुद्धा धड लक्षात राहत नाहीत. छत बोललं तर मला सांगणार कोण?

तोलेगेन : मग तूही वर ये.

मार्देन : काय म्हणालास? ‘तू’ म्हणालास मला?

तोलेगेन : म्हणालो.

मार्देन : थोबाड फोडीन.

तोलेगेन : फोड. पण त्याआधी दवाखान्यात जाऊ. मी येतो बरोबर.

मार्देन : काही नको. माझी कीव करायची नाही कुणी, तू तर मुळीच नाही. आणि सोमवारचं तुझं नाव मी काढणार नाही. नाव पुकारतील, कुणी ओ देणार नाही, सगळी टोळी माझ्या तोंडाकडे बघेल. बघू दे.

तोलेगेन : मी येणार नाही.

मार्देन : ऐकलं. माझी टोपी कुठे आहे?

इर्मा कार्लोव्ना : खुर्चीवर. तुम्ही पियानोवर ठेवली होतीत. पियानोवर काही ठेवायचं नसतं.

मार्देन : या बाईंना रोज कसा सहन करतोस तू?

तोलेगेन : तुम्हाला केलंच होतं की.

मार्देन : हूं. शनिवारी मुलाकडचे विचारतील, मुलीचे वडील काय करतात?

तोलेगेन : सांगेन, पियानो लावायला शिकतोय.

मार्देन : शिकतोय! या वयात. सगळ्या पाहुण्यांपुढे.

तोलेगेन : हो.

मार्देन : मग जरा मोठ्यानं सांग. मुलाचा आजोबा कानानं अधू आहे.