ठेक्यावर दाबलेलं बटण

कानाच्या दवाखान्यात मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारी बाप-लेक होते. लेक इतक्या मोठ्यानं बोलत होती, की चोरून ऐकल्याचं पाप मला बहुधा लागू नये.

“बाबा, तुझे कान ठणठणीत आहेत म्हणे. आणि मागून हाक मारली तर वळत नाहीस.”

“मग झालं तर. चल घरी.”

“टिंग ऐकू आलं की बटण दाबायचं होतं. खरंच ऐकू आलं?”

“पहिली तीन आली. बाई अगदी ठेक्यात वाजवत होती, पुढची अंदाजानं दाबली. पन्नास वर्षं ड्रम वाजवलेत, एवढं जमतं.”

“तपासणीत कॉपी केलीस?”

“नापास झालो तर बँडमधून काढशील.”

“मग माझ्या गाण्यांना कसं वाजवतोस?”

“तुझ्या खांद्याकडे बघून. ओळ उचलताना डावा खांदा आधी हलतो. तुझ्या आईचाही हलायचा.”

“आईच्या बँडमध्ये तर तुला ऐकू यायचं.”

“यायचं की. तरी बघायचो.”

ती रिपोर्ट हातात घेऊन उभी राहिली. मी उगाच पान उलटलं.

“ऊठ, पुन्हा तपासून घेऊ. या वेळी ठेका धरायचा नाही.”

“आणि शनिवारचा कार्यक्रम?”

“कानात मशीन घालून ये. खांदा मी हलवतेच.”