मिटल्या डोळ्यांची तांबोशी

जवळ सरका. ऐका. चंदू, वाऱ्याच्या बाजूला बसू नकोस, ठिणगी उडेल. आणि मने, मधेच 'पुढे काय, पुढे काय' करायचं नाही. पुढे काय ते मी सांगणारच आहे.

अशीच पौषातली थंडी होती. कितीतरी दिवस उत्तरेचा वारा पडला नव्हता. समुद्र वरून निवळ, सुंदर, आणि खाली रिकामा! थंडीत मासा खोल जातो, तुम्हाला माहीतच आहे. होड्या जायच्या आणि जाळी नुसती धुऊन परत यायच्या.

आपल्या तारीवाडीत तेव्हा धाकू तांडेल राहायचा. त्याची एकुलती एक लेक शेवंती, आईविना वाढलेली पोर, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आलेले, आणि पोटात अन्न ठरेना. पेज दिली की उलटी. चेहरा पांढरा पडला होता. सुईण म्हणाली, "धाकू, अशीच राहिली तर वेळेला अंगात ताकद कुठून आणणार?" शेवंतीला एकच वास आठवायचा. तांबोशीच्या कालवणाचा.

धाकूने पाग खांद्यावर टाकला. पाग म्हणजे फेकायचं जाळं, चंदू, तुझ्या काकाकडे आहे ना, तेच. कमरेला टोपली बांधली, कंदील घेतला, आणि अंधार पडता पडता निघाला. समुद्राकडे नाही हं! खाडीने वर, उंबरकोंडाकडे, उंबराखालच्या गोड्या पाण्याच्या डोहाकडे.

वाटेत बाबल मयेकर होडीला डांबर लावत होता. तो हसला.

"काय रे धाकू, खारं पाणी सोडून गोड्यात? बेडूक धरतोस की काय?"

"तांबोशी थंडीत ऊब शोधत कोंडात चढते, बाबल."

"चढते रे. पण आज अवस आहे." बाबलचं हसू गेलं. "जायचंच असेल तर एक ऐक. तिथे पागाची दोरी मनगटात अडकवू नकोस. मुठीत धर. जाळं गेलं तर जाऊ दे."

समुद्रावर आपण काय करतो? दोरीचा फास मनगटात घालतो. नाहीतर ओढ जाळं घेऊन जाते. कोंडावर मात्र उलटं. का, ते कोणी सांगत नसे.

तर धाकू निघाला. ओहोटी होती. खाडीत चिखल उघडा पडलेला. आणि ऐका! थोडं पुढे पाण्यात मासा उडाला. छपाक! धाकू धावला. तर आवाज आणखी पुढे. छपाक! पुन्हा धावला. पुन्हा पुढे! असं करत करत शेवटचं घर मागे राहिलं, आणि उंबराखालचा तो काळा डोह आला.

धाकूने पाय पाण्यात घातला आणि चकित झाला. पाणी कोमट! बाहेर दात वाजतायत, आणि पाणी कसं? न्हाणीत काढल्यासारखं! बोटं गारठून बधिर झालेली. मुठीत दोरी ठरेना. मग काय केलं त्याने? केलं तेच, जे करायचं नव्हतं. फास मनगटात घातला, वर गाठ मारली.

पाग फेकला. ओढला. तांबोशी! हातभर लांब, लालभडक. कल्ल्यात बोट घालताना कल्ला थोडा फाटला. टोपलीत टाकली. पुन्हा फेकला. तांबोशी! पुन्हा. तांबोशी! दर खेपेला मासा एक पाऊल आत. घोट्याचं पाणी गुडघ्याला आलं, गुडघ्याचं कमरेला. ऊब अशी, की बाहेर यावंसंच वाटेना.

मग त्याच्या ध्यानात आलं, एवढे मासे घेतले तरी टोपली जड कशी नाही?

टोपलीत हात घातला. रिकामी!

कंदील उंच करून हातातला मासा पाहिला. कल्ला फाटलेला. तोच! मघापासून तोच मासा!

आणि त्या माशाने, ऐका, त्या माशाने सावकाश डोळे मिटले.

अरे, माशाला पापण्या असतात का कधी? जन्म गेला मासे धरण्यात, कोणी पाहिल्यात? धाकूच्या हातून तो सुटला. पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आणि डोहाच्या मधून हाक आली. शेवंतीच्या आवाजात.

"बाबा, अजून एकदा टाका ना."

धाकू मागे फिरला, तशी मनगटाची दोरी ताठ झाली. कंदील विझला. ओढलं त्याला! गिऱ्हा होता तो, पाण्यातलं भूत. छातीपर्यंत पाणी. गळ्यापर्यंत. गाठ सुटेना! तोंडात पाणी गेलं, गोड, कोमट पाणी.

इतक्यात तळव्यांना काहीतरी गार लागलं.

अवसेचं उधाण! भरती कोंडापर्यंत येते ती अवसेला आणि पुनवेलाच. आणि खारं पाणी जड, ते तळातून शिरतं. जिथे त्याचे पाय रोवलेले, तिथूनच! पाण्याखाली कोणीतरी भाजल्यासारखं ओरडलं. दोरी सैल पडली. धाकूने हात हिसडला, फासाबरोबर मनगटाची सालटी गेली, आणि तो पळत सुटला. जाळं तिथेच.

सुटला, असं वाटलं ना तुम्हाला? त्यालाही वाटलं.

घरी शेवंती वाटण वाटून वाट बघत होती. धाकू उंबऱ्यात बसला. सोललेलं मनगट त्याने दाबून धरलं. तिने त्याच्या कमरेची टोपली सोडली.

"अगो बाई! बाबा, केवढी ही!"

धाकूने मान वर केली. शेवंतीने मासा विळीजवळ पाटावर ठेवला होता. कल्ला फाटलेला.

"आणि बघा तरी," ती हसत म्हणाली, "झोपलीय. डोळे मिटून."

"मीठ!" धाकू ओरडला. "शेवंते, मीठ टाक!"

मासा साफ करायला करवंटीत मीठ काढलेलंच होतं. तिने मूठभर उचललं. तेवढ्यात माशाने डोळे उघडले. तिच्या तोंडाकडे नाही पाहिलं. तिच्या पोटाकडे पाहिलं.

तिने मीठ मारलं.

मासा राहिला नाही. पाटावर ओल्या केसांचा पुंजका होता, आणि त्यात धाकूच्या पागाची तुटकी दोरी.

त्या रात्री शेवंतीने घाबरून तेच मीठ जिभेवर ठेवलं, मग त्याच्यावर पेज प्यायली. आणि ती पेज पोटात राहिली. महिन्याभरात मुलगी झाली, धडधाकट.

कोण मुलगी म्हणून काय विचारतोस, चंदू? तुझ्या पुढ्यात बसून शेकतेय ना!

म्हणून सांगते. थंडीत समुद्र रिकामा असू दे, घरात चूल थंड असू दे, अंधार पडल्यावर उंबरकोंडाची वाट धरायची नाही. पुढे मासा उडाला तरी नाही. घरच्या माणसाने हाक मारली तरी नाही.

आता उठा. आणि मने, घरी कालवण असेल तर जेवायच्या आधी एकदा डोळे बघून घे. तुझे नव्हेत. त्याचे.