पोहण्याच्या वर्गाची रांग

पोहण्याच्या वर्गाच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुणी आणि साठीच्या एक काकू बोलत होत्या.

"नातवाचं नाव घालताय, काकू?"

"नाही गं, माझंच. पाण्याची भीती वाटते, पण लेक समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करते ना."

"त्याला काय शिकावं लागतं?"

"आधी प्राणिशास्त्राची पदवी, मग सागरी जीवशास्त्राची दोन वर्षं, वर खोल बुडी मारायचं प्रशिक्षण. आता प्रवाळांवर पीएचडी."

"घरी येते?"

"आली होती. प्रवाळांबद्दल भरभरून बोलली. मी आपली 'हो का' म्हणत राहिले. शेवटी म्हणाली, 'जाऊ दे आई, तुला नाही कळायचं.' तेव्हापासून ती फोनवर फक्त 'जेवलीस का' विचारते."

खिडकीतला कारकून काकूंना म्हणाला, "काही झालं तर कळवायला घरातल्या कुणाचा तरी नंबर लिहा."

"घरात मीच असते. लेकीचा लिहू? पण ती पाण्याखाली असली की लागत नाही."