आईच्या कानात सांगितलेलं

आमचं मूळ घर नागपूरला, इंदोऱ्यात. बाबा गिरणीत होते, आम्ही दोघंच भावंडं, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान वैशाली, आणि शिकून इथे अमेरिकेत, फ्रीमाँटला आलेला घरातला पहिला मी. तिकडे बाबासाहेबांचा फोटो दारासमोर होता, इथे टाउनहाउस घेतलं तेव्हा तो मी बेडरूममधल्या कपाटाच्या आत लावला. ऑफिसचे लोक जेवायला यायचे, आडनावावरून अंदाज घ्यायचे, मी विषय बदलायचो. काय सांगू तुम्हाला, उभं आयुष्य विषयच बदलत आलो.

सेल्व्हन माझ्या टीममधला, मदुराईचा, साधा माणूस. वैशू एमएस करायला आली आणि त्या दोघांचं जमलं. लग्नाचं बोलायला त्याची आई घरी आली, माझी आई नागपूरहून आलेलीच होती, वैशूची नेमकी त्या दिवशी परीक्षा. त्या बाईंना फक्त तमिळ, आईला फक्त मराठी, म्हणून बाई बोलायच्या, सेल्व्हन मला इंग्रजीत सांगायचा आणि मी आईला मराठीत. बाई म्हणाल्या, आम्हाला जात विचारायची नाही, मुलीनं माझ्या शेजारी बसून जेवावं एवढंच. आणि मी आईला सांगितलं, त्या जात विचारताहेत.

का सांगितलं? लग्न झालं असतं तर ऑफिसात कळलं असतं, मी कोण ते. एवढंच, याहून मोठं कारण नाही. आई उठली, चहा तसाच राहिला. सेल्व्हनला मी म्हणालो, आईनं नागपूरचा मुलगा बघितलाय. वैशूनं आईकडून ऐकलं आणि त्याचे फोन घेणंच बंद केलं, त्याला एकदाही विचारलं नाही, कारण असलं काही ऐकल्यावर आमच्यात कोणी पुन्हा विचारायला जात नाही, आणि हे मला माहीत होतं, त्यावरच तर मी सुटलो. ती आता इथून लांब, दुसऱ्या राज्यात ईडन प्रेरीला असते, एकटीच. दर रविवारी फोन करायची, दादा जेवलास का.

या खेपेला आई आली तेव्हा इथे एक तमिळ सिनेमा लागला होता, इंग्रजांच्या काळातल्या मद्रासचा, एक नावाडी आणि कलेक्टरची मुलगी. दुपारचा शो. मी खालची इंग्रजी ओळ वाचून आईच्या कानात मराठीत सांगत होतो. मुलीचं जहाज निघणार असतं, नावाडी दुभाष्याला म्हणतो, तिला सांग, मी धक्क्यावर उभा आहे. दुभाष्या आत जातो आणि सांगतो, तो गावी गेला, त्याचं लग्न आहे. ती ओळ मी आईला सांगितलीच नाही. आई म्हणे, काय सांगून राह्यला तो तिले? दोनदा विचारलं, पुढच्या सीटवरच्या काकू वळून बघायला लागल्या. मी म्हणालो, खोटं सांगतोय, आई. ती म्हणाली, काय भेटलं मेल्याले असं करून?

पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता मी सगळं बोललो. ती रडली नाही. म्हणाली, इतकी वर्षं त्या बाईले मी मनात शिव्या देत राह्यले रे. मग म्हणाली, वैशूले फोन लाव, अन् तू सांग, मी नाही.

वैशूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं एवढंच विचारलं, दादा, त्या नेमकं काय म्हणाल्या होत्या?

मुलीनं माझ्या शेजारी बसून जेवावं.

पुन्हा सांग, म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

त्याला चार रविवार झाले. आई तिच्याकडे गेली आहे. फोटो मी कपाटातून काढून दारासमोर लावला, त्यानं काही भरून निघत नाही, कळतं मला. रविवारी फोन जवळ घेऊन बसतो, आपण होऊन करत नाही, तो हक्क आता तिचा. सुखात राहो माझी बहीण, आणि कधीतरी, शिव्या द्यायला का होईना, फोन करो.