जप्तीला गेलेली गाडी

तुम्ही अंकुशच्या गाडीला हसता, पण त्या दिवशी आरटीओ साहेबांचं तोंड बघायला हवं होतं. अंकुश म्हणजे चकलांब्याजवळच्या वस्तीवरचा गिरणीवाला. दळण संपलं की अंगणात वेल्डिंग करत बसायचा. दोन वर्षं खपून त्यानं जुन्या जीपच्या इंजिनाला ट्रॅक्टरची चाकं जोडली आणि चिखलात चालणारी गाडी उभी केली. कुणीतरी तक्रार केली. साहेब जप्तीला निघाले, बातमीसाठी मीही त्यांच्या गाडीत बसलो. वस्तीच्या अलीकडेच आम्ही रुतलो. ओढायला आला अंकुशच, त्याच गाडीनं.

दोरखंड अजून सुटलाही नव्हता, तोच साहेबांनी पंचनामा लिहिला. "विनापरवाना गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवताना आढळला. कर सही."

"करतो की साहेब. पर रस्ता कुठं हाय?"

"मग आपण उभे कशात आहोत?"

"चिखलात. रस्ता न्हाई म्हणून तर गाडी केली."

साहेबांनी चरफडत खोडलं आणि लिहिलं, 'येथे रस्ता नाही.' मी लगेच मोबाईल काढला. याच रस्त्याची बातमी मी तीनदा छापली होती आणि तिन्ही वेळा 'काम पूर्ण झाले आहे' असा सरकारी खुलासा आला होता.

म्हटलं, "साहेब, खाली सही-शिक्का तेवढा मारा. उद्या पहिल्या पानावर लावतो."

साहेबांनी कागदाचे तुकडे करून खिशात कोंबले आणि अंकुशला म्हणाले, "दोरखंड सोडू नको रे. फाट्यापर्यंत असंच ओढत ने."