आठवी पायरी

पनवेलच्या एसटी स्टँडवर, उरणच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघं होते: म्हातारे झकेरियाचाचा आणि ऑफिसची बॅग खांद्याला लावलेला जोएल.

“चाचा, आपल्या फुटबॉल क्लबची प्रेक्षकांची गॅलरी झाली का पुरी?”

“सात पायऱ्या झाल्या. आठवीचे पैसे माझे होते, माझ्या पोरानं, मुआजनं दुबईहून पाठवलेले.”

“मग आठवीवर तुमचं नाव लागणार.”

“आठवी बांधलीच नाही. मध्येच आपल्या टीममधल्या राहिलच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. कमिटीनं विचारलं, मी म्हटलं, द्या त्याला.”

“एका गुडघ्यासाठी अख्खी पायरी?”

“पायरी पुढच्या वर्षीही होईल. त्याचं वय थांबणार आहे का?”

“आता कसा आहे तो?”

“काल मैदानाला दोन चकरा मारल्या, पट्टा न बांधता. डॉक्टर म्हणाले, ईदनंतर मॅच खेळेल. इन्शाअल्लाह.”

“ते छानच. पण ज्याची पायरी, त्याच्याच घरचे तिच्यावर बसतात. तुम्ही कुठे बसणार?”

“जोएल, राहिलच्या पायात बॉल असताना मला बसलेला कधी पाहिलायस तू?”