वाघ्याची शेपूट

आता तुमी हसान, पण अमेरिकेत लढाई लागली अन् आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला, तवाची गोष्ट हाये. आमचा कुत्रा वाघ्या भरल्या गाडीवरून पडला अन् त्याचे मागचे पाय लुळे पडले. अचलपूरच्या वैदूनं पाठ चाचपली. म्हणे, "मणका सरकला. महिनाभर हालू देऊ नको."

वाघ्या कुठचा ऐकतो! मग त्याले पोत्यात आडवं घातलं, चहूकडून कापूस कोंबला अन् तोंड तेवढं भिंतीकडं बाहेर ठेवलं. माही बायको त्याले हातानं भाकर चारे.

विसाव्या दिवशी अमरावतीचा अडत्या कापूस पाहाले आला. नजर अधू. मी थांबवेपर्यंत त्यानं त्याच पोत्याच्या फटीत हात घातला, नमुना म्हणून वाघ्याची शेपूट धरली अन् खसकन ओढली.

"धागा लंबा हाये, पाटील! पण तुटून काहून नाही राहिला?"

वाघ्या केकाटला अन् मागच्या दोन्ही पायांनी अशी लाथ झाडली, का अडत्या कापसात उताणा.

"अवो, पाय हालले!" बायको रडाले लागली. मी धावत जाऊन अडत्याले मिठीच मारली.

तो खालूनच म्हणाला, "म्हणजे सौदा पक्का समजू?"